अर्ध्या विटेची भिंत

आमच्या घरात एक भिंत अशी होती की तिच्यावर दोन्ही बाजूंनी कुणी काही टांगत नसे. बाकीच्या भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या तट्ट्याला माती आणि शेण लिंपून केलेल्या. त्यांत माय वाटेल तिथं काडी खोचायची आणि तिला पिशवी, कंदील, लसणाची जुडी, जे असेल ते अडकवायची. विटांची भिंत ही एकच. तिच्या पलीकडे केशवकाका राहायचे, बाबांचे धाकटे भाऊ. आमच्या भागात दोन घरांतली भिंत सामायिक असली की तिच्यात खुंटी ठोकण्याआधी पलीकडच्याला विचारायचं, अशी रीत होती. न विचारता ठोकली तर त्याचा अर्थ एवढाच व्हायचा, की भिंत माझी. बाबा आणि काका वाटणीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणून विचारत नव्हते, आणि विचारत नव्हते म्हणून ती भिंत कोरी राहिली. आमचे कपडे तिच्यापासून हातभर अलीकडे, आढ्याला बांधलेल्या दोरीवर लोंबायचे. पलीकडेही तसेच लोंबत असणार.

भांडणही त्या भिंतीवरूनच झालेलं. वाटणीत मधला कूड पाडून विटा लावायच्या ठरल्या. निम्म्या विटा बाबांनी आणायच्या, निम्म्या काकांनी. दोघांनी गावाशेजारच्या वेगवेगळ्या भट्ट्यांवरून बैलबंडीनं विटा आणल्या आणि एकाच ढिगात ओतल्या. विटा पुरेनात, तेव्हा भिंत अर्ध्या विटेची करायची ठरली, म्हणजे वीट आडवी न टाकता लांबीनं एकामागे एक लावायची. जाडी जेमतेम चार इंच, आत मातीचा गारा आणि वरून सिमेंटचा हात. बांधताना काही विटा हातातच तुटल्या. पोटात पिवळ्या, कच्च्या. बाबा म्हणाले, केशवच्या विटा. काका म्हणाले, दौलतभाऊच्या. ढीग एकच, त्यामुळे सिद्ध कुणालाच करता येईना, आणि सिद्ध होत नाही म्हणून कुणी मागेही हटेना. भिंत छपराच्या कवेलूंपर्यंत पोचलीच नाही. डोक्याच्या वर हातभर गेली आणि तिथं विटा संपल्या. वरच्या मोकळ्या जागेतून दोन्ही घरांचं सगळं इकडून तिकडे जायचं. काकूनं सुकट भाजली की आमच्या ताटातली लाखोरीची डाळ फिकी लागायची. काकांचा रेडिओ आम्ही ऐकायचो, फुकट. माय हळू बोलायला शिकली होती. बाबा मात्र नेमके उलटे, पलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलायचे.

मी तेव्हा गडचिरोलीला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सायन्सला आहे म्हणजे मला सगळं येतं असं घरात धरून चालायचे. सायकलचं पंक्चर, रेडिओची खरखर, विहिरीचा रहाट, सगळं माझ्यापुढे यायचं. मला यातलं फारसं येत नव्हतं. पण नाही म्हणायचंही जमत नसे. शनिवारी चामोर्शीच्या एसटीनं यायचो आणि सोमवारी पहाटे परत जायचो.

पावसाळ्याच्या तोंडी बाबांना लकवा झाला. डावा हात आणि डावा पाय गेला. जीभ थोडी जड झाली, पण बोलणं कळायचं. दवाखान्यातून आल्यावर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. त्यांना सगळ्यात जास्त जड गेलं ते परसात जाणं. माय त्यांना काखेत हात घालून उचलायची. माय लहान चणीची, बाबा उंच आणि हाडापेरानं मोठे. दोघंही धापा टाकत. थोड्या दिवसांत बाबांनी पाणी पिणं कमी केलं. तांब्या उशाशी तसाच भरलेला राहायचा. ओठ फाटले, तरी म्हणायचे, तहान नाही. एका शनिवारी मायनं मला परसात नेऊन सांगितलं, "पानी पीत नाई तो. प्यालं का मंग जा लागते ना. माह्यावर भार नोको म्हून पीत नाई. असा तं मरन तो."

खाटेपासून मागच्या दारापर्यंत धरायला काही मिळालं तर बाबा उजव्या हातानं जाऊ शकले असते. आधी मी जमिनीत बांबू रोवले. मातीची जमीन, पावसात ओलावलेली. बांबू डुलायचे आणि ओढत नेलेला डावा पाय नेमका बुडख्याला अडकायचा. मग राहिली ती विटांची भिंत. खाटेपासून दारापर्यंत तीच सरळ जात होती.

"काकाले विचारू?" मी म्हणालो.

"काऊन विचारतं? अर्धी भीत माही हाये. माह्या अर्ध्यात ठोक."

अर्ध्या विटेच्या भिंतीतला बाबांचा अर्धा भाग म्हणजे किती खोल, हा हिशेब माझ्या मनात आला होता. बोललो नाही.

विटेत खिळा थेट बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी भोक पाडायचं, त्यात लाकडाची गुट्टी ठोकायची आणि खिळा किंवा स्क्रू त्या गुट्टीत घालायचा. बाबांचं म्हणणं, गुट्टी सागाचीच पाहिजे. साग आमच्याकडे हाताशी होता. जंगलाजवळच्या माणसाला वाळलेल्या लाकडाची वाट पाहायची सवय नसते. लागलं की तोडून आणायचं आणि वापरायचं. मीही तेच केलं. ओल्या फांदीच्या गुट्ट्या तासल्या, एका टोकाला निमुळत्या. छन्नीनं विटेत भोकं पाडली. पलीकडे काकूचं भांडी घासणं मधेच थांबायचं आणि मी छन्नी थांबवली की पुन्हा सुरू व्हायचं. गुट्ट्या ठोकल्या, त्यांत लोखंडी कड्या फिरवल्या आणि कड्यांतून वासा सरकवला. पावसाळी हवेत त्या गुट्ट्या अशा आवळून बसल्या की हातोडीनं टणटण वाजत. वाशाला धानाचं पोतं बांधून पाहिलं. काही हललं नाही.

त्या हिवाळ्यात बाबा चालले. पहाटे मला जाग यायची ती त्यांच्या तळव्याच्या आवाजानं. वाशावर हात सरकायचा, थांबायचा, मग पाय घासत यायचा. तांब्या रिकामा होऊ लागला. मायनं तांदळाच्या भाकरी आणि आंबाडीची भाजी करावी, बाबांनी मागून घ्यावी, असंही होऊ लागलं. पलीकडून अर्थात कुणी काही विचारलं नाही. पण रेडिओचा आवाज सकाळी जरा कमी असायचा, असं मला वाटे. मायला मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "सेल उतरले असतीन."

उन्हाळ्यात आमच्याकडे पितळी भांड्याला हात लावला तरी चटका बसतो. अशाच एका दुपारी बाबा खाटेवरून उठताना वाशाला लोंबकळले आणि कडी गुट्टीसकट निघून हातात आली. ते खाटेच्या काठावर आपटले. कमरेला मार लागला, हाड वाचलं. मी घरीच होतो. त्यांना खाटेवर घेतल्यावर आधी भोकाकडे पाहिलं. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. काकांच्या घरातलं पाण्याचं मडकं, त्याच्यावरची पालथी वाटी, सगळं.

बाबांनीही ते पाहिलं. मग म्हणाले, "त्यानं तिकडून ढकलली."

"कोन?"

"कोन म्हनते अजून. केशव."

मी गुट्टी हातात घेतली. वजनाला हलकी झाली होती. भोकात परत घातली तर खुळखुळ वाजली. लाकूड वाळून आकसलं होतं, एवढं मला तेव्हाच कळलं. बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीही पलीकडच्या घराला सामील आहे. खरं सांगायचं तर माझीही पूर्ण खात्री नव्हती. आकसलेली गुट्टी निघेल हे कळत होतं, पण पलीकडचा गिलावा कुणी पाडला? माझ्याच छन्नीनं पाडला असणार. पण मग काका इतके महिने गप्प कसे राहिले? आपल्या भिंतीला भोक पडलेलं दिसलं की माणूस बोलतोच.

त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून काकांचा आवाज आला. कुणाला उद्देशून नव्हता, काकूशी बोलल्यासारखा. "भोकं पाडून पाहून राह्यले लोकं. घरात बायामानसं हायेत, त्याचं काई नाई."

माय पुटपुटली, "पाहाले काय ठेवलं हाये तिकडं, सोनं?" पण हळूच.

मी पुढच्या शनिवारी सिमेंट आणलं. या वेळी लोखंडी पट्टी टोकाला दुभंगून, भोकात घालून सिमेंटनं पक्की करायची असं ठरवलं. भोक मोठं करायला छन्नी लावली आणि वीट लाडवासारखी भुगा होऊन खाली आली. आत पिवळी. शेजारची घेतली, ती लाल, चांगली भाजलेली. तिच्या खालची पुन्हा पिवळी. बाबा खाटेवरून म्हणाले, "पाह्य. मी सांगत होतो, त्याच्या विटा." पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मी बोटानं, मग खिळ्यानं भिंत खाटेपासून दारापर्यंत वाजवत, खरवडत गेलो. लाल-पिवळ्या अशा मिसळल्या होत्या की कुणाच्या कुठल्या हे विटा पाडणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. सिमेंट धरेल, पण सिमेंटला धरून ठेवायला वीट पाहिजे. तीच नव्हती.

आज माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये कारागीर मशीन लावतो, घर्र आवाज होतो, आणि आत फुगणारा लोखंडी बोल्ट दोन मिनिटांत बसतो. मी तरी आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहतो. सून हसते. हसू दे.

चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर रहीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. बंडीच्या धावा, गेट, असली कामं करायचे. मी त्यांना भिंतीबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कच्ची वीट है तो उसको पकडने का सोचोच मत. आरपार घालू. बोल्ट इकडून जाईन, उधर लोखंडाची पट्टी, उसपे नट. दोन्हीकडून भिंत दबली का वीट कच्ची बी चालते." मग डोळे बारीक करून विचारलं, "पलीकडं कोन राहते?"

"काका."

"बोलचाल हाये?"

"नाई."

"मंग आदी ते वेल्डिंग कर," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

काकांकडे मी एकटा गेलो. समोरचं दार होतं, तरी परसातून वळसा घालून गेलो. का, ते आठवत नाही. काका सुपलीतली मोहाची फुलं वेचत बसले होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बाबांचं पाणी न पिणंही सांगितलं. काका सुपलीकडेच पाहत होते.

"त्याले माहीत हाये, तू इथी आला म्हून?"

"नाई."

"मंग तुह्या मायनं धाडलं."

"नाई काका. मीच आलो."

"वा. कालेजात हे शिकवते वाटते." त्यांनी एक फूल उचलून बाजूला टाकलं. "नट कोन्या बाजूनं?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मी म्हणालो, आमच्या बाजूनं ठेवता येईल.

"म्हंजे तुमी पाह्यजे तेव्हा काढान अन् मले भोकं ठेवान. आतापावतो एक भोक हायेच. नाई. नट इकडं. माह्या घरातली वस्तू माह्या हाती राह्यली पाह्यजे. ते कबूल असन तं ठोका, नाई तं नोका ठोकू."

काकू चुलीपाशी होती. ती मान वर न करता म्हणाली, "पट्टीले रंग लावून आनजो बापू, जंगते." एवढंच. ती कुणाच्या बाजूनं होती, मला कळलं नाही.

मी कबूल झालो. दुसरा रस्ता दिसत नव्हता. आणि तसंही नट आमच्या बाजूला असते तर सरकणाऱ्या हाताला लागले असते. घरी येऊन बाबांना जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग उजव्या हातानं खाटेची दोरी पकडून म्हणाले, "त्याच्या हाती पाना देऊन मी उभा राहू?"

"बाबा, तो कायले खोलन?"

"ज्यानं गुट्टी ढकलली तो नट नाई खोलन?"

वाशाच्या जागी लोखंडी दांडी मात्र बसली. रहीमभाईंनी पाइपाला पाय आणि पायांना बोल्ट वेल्ड करून दिले. आम्ही इकडून दाबून धरलं, पलीकडून काकांनी स्वतः पट्ट्या लावून नट आवळले. दोन घरांच्या मधे त्या दिवशी जेवढं बोलणं झालं ते "आवळू?" आणि "आवळा" एवढंच, तेही माझ्याशी. मी दांडीला दोन्ही पाय उचलून लोंबकळलो. माय लोंबकळली, लुगडं सावरत, हसत. भिंतीनं हूं की चूं केलं नाही.

बाबांनी दांडीला हात लावला नाही. मायच उचलायची पुन्हा, आणि कमरेच्या दुखण्यानं आता ते आणखी जड झाले होते. तांब्या पुन्हा भरलेला राहू लागला. मी घरी असलो की संध्याकाळी मला दांडी हलवून पाहायला लावायचे. "ढिल्ली झाली का?" नाही, बाबा. "उद्या होईन. केशव खोलन. मी धरली का खोलन, पाह्यजो." हे मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून. मी नसताना मायला हलवायला लावायचे. मायला आता मधूनच वाटायचं की थोडी हलते. मी परसातून काकांच्या घरात डोकावलो, तर त्यांनी धानाची ढोली सरकवून बरोबर पट्ट्यांसमोर आणली होती. धान ठेवायला दुसरी जागा नव्हती की काही झाकायचं होतं? मी ही गोष्ट घरात सांगितली नाही. पण त्या दिवसापासून मीही कान देऊन झोपू लागलो.

एका रविवारी, जेवणं झाल्यावर, पलीकडून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. बारीक, थांबून थांबून. दांडीला हात लावला तर ती प्रत्येक ठोक्याला शहारत होती. बाबा अर्धे उठले. त्यांचा चेहरा भेसूर दिसत होता, आणि खरं सांगतो, त्यात थोडं समाधानही होतं.

"आयक," ते म्हणाले. "आयक आता."

मी धावत वळसा घालून गेलो. ढोली बाजूला सरकवलेली होती. काका उकिडवे बसून लहान हातोडीनं एका बोल्टचं नटाबाहेर आलेलं टोक ठोकत होते. नट जागच्या जागी होता. टोकाचे आटे पार चेपून ते छत्रीसारखं पसरलं होतं. बाकीच्या दोन बोल्टांचं तसंच करून झालं होतं.

"काका, वीट फुटन," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"हळूच मारून राह्यलो. तुह्यापेक्षा जास्ती समजते मले." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "रोज आयकून राह्यलो मी. केशव खोलन, केशव खोलन. कान किटले. काकूले झोप लागत नाई." आणखी एक ठोका. "घे. आता पाना लावून पाह्य. मले बी निघत नाई अन् माह्या बापाले बी."

मी पाना लावून पाहिला. नट जागचा हलला नाही. काकांनी हातोडी कोपऱ्यात टाकली आणि ढोली पुन्हा होती तिथं सरकवली. ढोलीमागे काही नव्हतं. तिथं जागाच तेवढी होती.

परत आलो तेव्हा बाबा खाटेच्या काठावर बसले होते. मी सांगितलं. माय दारात उभी होती, तिनं विचारलं,

"म्हंजे आता हे कधीच निघत नाई?"

"नाई."

"मंग त्यानं भीत आपली करून घेतली," बाबा म्हणाले. "पाह्यलं? एवढा सोपा मानूस नाई तो."

काकांनी ते रागानं केलं, की भावाला उभं राहता यावं म्हणून, की खरोखर भिंतीवर शिक्का मारला, हे मी त्यांना पुढं कधी विचारू शकलो नाही. तिन्ही एकाच हातोडीनं झालं असेल.

बाबांनी उजवा हात वर केला आणि दांडी धरली. बोटं आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग ते उठले. माय पुढं झाली तिला त्यांनी मानेनंच थांबवलं. गुडघा थरथरत होता, खांदा भिंतीला टेकला होता, पण ते उभे होते.

"हालते," ते मोठ्यानं म्हणाले.

मग मोकळ्या जागेतून काकांचा आवाज आला.

"भीत नाई हालत. तू हालून राह्यला, भाऊ."

बाबांनी हात थोडा पुढं सरकवला, डावा पाय ओढून त्याच्याजवळ आणला, आणि मायला म्हणाले, "पानी आन."